राखीव जंगलातील पायवाटा : मेळघाटच्या वाटांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जंगलाचा इतिहास लिहिताना इतिहासकारांनी साधारणतः झाडे, प्राणी, कायदे आणि महसूल या चार विषयांकडे लक्ष दिले आहे. जंगलातून जाणारी वाट मात्र स्वतंत्र विषय म्हणून फारशी अभ्यासली गेलेली नाही. वस्तुतः जंगल आणि माणूस यांच्यातील संबंधाचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे पायवाट होय. ती कोणी पाडली, कोणी वापरली, कोणी रुंद केली आणि कोणी बंद केली या प्रश्नांच्या उत्तरांतून त्या प्रदेशातील सत्तेचा व समाजाचा इतिहास उलगडतो.

महाराष्ट्राच्या राखीव जंगलांत मेळघाटचे स्थान महत्त्वाचे आहे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत हा प्रदेश पसरलेला आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे गाभा व परिघ क्षेत्र मिळून एकूण क्षेत्रफळ सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर असून ते अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत विभागलेले आहे. आज या परिसरात येणारा पर्यटक चिखलदऱ्याच्या पठारावर किंवा सेमाडोहच्या परिसरात चालण्यास सोप्या अशा वाटांनी फिरतो. या वाटा त्याला निसर्गाने दिल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे काही शतकांचे श्रम, संघर्ष आणि कायदे उभे आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात या बाजूचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मेळघाटातील वाटांच्या घडणीमागील भौगोलिक व ऐतिहासिक कारणांचा शोध घेणे.
२) राखीव जंगलाच्या व्यवस्थेमुळे वाटांवरील पारंपरिक हक्कांत झालेल्या बदलांचा अभ्यास करणे.
३) पर्यटकांची वाट आणि स्थानिकांची वाट यांतील आजच्या संबंधाचे विवेचन करणे.

अभ्यासपद्धती

हा अभ्यास प्रामुख्याने वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केला आहे. त्यासाठी मध्ययुगीन व ब्रिटिशकालीन घटनांची उपलब्ध माहिती, वनविषयक कायद्यांतील तरतुदी आणि क्षेत्रभेटीतील निरीक्षणे यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाची व्याप्ती मेळघाटापुरती मर्यादित असली तरी त्यातील निष्कर्ष राज्यातील इतर राखीव जंगलांनाही कमी-अधिक प्रमाणात लागू पडतील, असे वाटते.

भूरचना आणि वाटांची घडण

'मेळघाट' या नावातच वाटांचा उल्लेख आहे. जेथे घाटांचा मेळ होतो तो मेळघाट, अशी या नावाची सर्वमान्य फोड केली जाते. या डोंगररांगेची दक्षिण बाजू पूर्णेच्या सपाट खोऱ्याकडे एकदम तुटलेली आहे. उत्तरेकडील उतार मात्र तुलनेने लांब आणि टप्प्याटप्प्याचा असून तो तापीकडे जातो. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या येथील प्रमुख नद्या अखेर तापीलाच मिळतात. रांगेतील सर्वांत उंच स्थान वैराट हे असून त्याची उंची ११७८ मीटर आहे.

या भूरचनेमुळे वाटांचे दोन प्रकार निर्माण झाले. नदीनाल्यांच्या काठाने जाणाऱ्या वाटा पाण्याजवळच्या असल्या तरी पावसाळ्यात निरुपयोगी होत. डोंगराच्या दांडावरून जाणाऱ्या वाटा कोरड्या व बाराही महिने चालण्याजोग्या असत, परंतु पाण्यापासून दूर पडत. या दोहोंना जोडणाऱ्या आडवाटा जनावरांच्या आणि माणसांच्या नित्याच्या येण्याजाण्याने तयार झाल्या. ओझे वाहणारा माणूस किंवा बैल सरळ चढण टाळतो आणि वळसा घेतो. आज ज्या वाटेला आपण 'सोपी' म्हणतो, तिचा सोपेपणा अनेकदा या वळशात असतो. तो कोणा एका अभियंत्याने शोधलेला नसून अनेक पिढ्यांच्या पावलांनी ठरवलेला आहे.

या वाटांचे मुख्य वापरकर्ते म्हणजे कोरकू समाज. मुंडा भाषाकुलातील कोरकू बोलणारा हा समाज मेळघाटचा प्रमुख रहिवासी असून त्याच्यासोबत गोंड, निहाल, गवळी, बलाई आदी समाजही येथे राहतात. सिपना नदीचे नाव सागवानाला असलेल्या कोरकू शब्दावरून आले, असे सांगितले जाते. मोहफुले, चारोळी, डिंक व तेंदूपत्ता गोळा करणे, गुरे चारणे, आठवडी बाजाराला जाणे, सोयरीक जुळवणे अशा प्रत्येक कामाची वाट ठरलेली असे. होळीच्या दिवसांत कोरकू स्त्री-पुरुष वाटेवर येऊन येणाऱ्या-जाणाऱ्याकडे फगवा मागतात. अशा प्रसंगी वाट ही समाजाच्या एकत्र येण्याची जागा होते. श्रावणात धारगडच्या महादेवाकडे जाणाऱ्या भाविकांची वाटही याच जंगलातून जाते. यावरून असे दिसून येते की, या वाटांना आर्थिक, सामाजिक व धार्मिक असे तिहेरी महत्त्व होते.

किल्ले आणि घाटवाटा

वऱ्हाडचे मैदान आणि तापीचे खोरे यांच्या मधोमध ही डोंगररांग असल्याने तिच्यावर ताबा ठेवणे प्रत्येक सत्तेला आवश्यक वाटले. गाविलगड व नरनाळा हे दोन बलाढ्य किल्ले याच गरजेतून महत्त्वास आले. गाविलगडच्या बांधकामाचे श्रेय बहमनी सुलतान अहमदशहा वली याला दिले जाते आणि त्याचा काळ इ.स. १४२५ असा सांगितला जातो. गवळ्यांच्या जुन्या वस्तीवरून किल्ल्यास हे नाव पडले, अशी परंपरा आहे. पुढे इमादशाही, निजामशाही अशा सत्तांतरांनंतर १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांमध्ये गाविल व नरनाळा यांची नोंद आहे. डोंगरी किल्ला हेच महसुली विभागाचे नाव व्हावे, यातून त्या किल्ल्यांचे प्रशासकीय वजन लक्षात येते.

किल्ल्यांना धान्य, जळण, दारूगोळा व माणसे लागत. साहजिकच पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या वाटा राखल्या जात. मात्र संरक्षणाच्या दृष्टीने सर्व वाटा सोप्या असणे धोक्याचे होते. दक्षिणेची वाट अवघड राहणे आणि उत्तरेचा पठाराकडील मार्ग मजबूत दरवाजांनी रोखणे, ही गाविलगडच्या रचनेमागील योजना होय. या योजनेची खरी कसोटी १८०३ मध्ये लागली.

इ.स. १८०३ ची मोहीम आणि जंगलातील लष्करी वाट

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे आणि २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव येथे मराठ्यांचा पराभव झाला. त्यानंतर आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील गाविलगडकडे मोर्चा वळवला. दक्षिणेकडील वाट अतिशय उभी असल्याने मुख्य हल्ला उत्तरेकडून करण्याचे ठरले. ही कामगिरी कर्नल स्टीव्हन्सन याच्याकडे देण्यात आली. ७ डिसेंबरला निघालेले त्याचे सैन्य दामणगाव मार्गे डोंगरात शिरले आणि १२ डिसेंबरला किल्ल्याच्या उत्तरेस लाबाडा गावी पोहोचले. डोंगरातील हे अंतर सुमारे ३० मैलांचे होते. अवजड तोफा व सामान यांसाठी योग्य रस्ता नसल्याने सैनिकांनी आधी रस्ता तयार केला आणि बहुतेक अंतर तोफा हातांनी ओढत नेल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसल्यांनी देवगावचा तह केला.

लष्करी इतिहासात ही घटना किल्ल्याच्या पाडावाची म्हणून नोंदली जाते. वाटांच्या इतिहासात तिचे महत्त्व वेगळे आहे. मोठ्या सैन्याने मेळघाटातील जंगलातून पाच-सहा दिवसांत चाकांच्या वाहतुकीची वाट काढली आणि त्या वाटेने एका राज्याचे भवितव्य ठरवले. जंगल हे संरक्षण आहे, हा समज येथे खोटा ठरला. पुढे १८५७ च्या उठावाच्या पार्श्वभूमीवर, १८५८ मध्ये, इंग्रजांनी गाविलगडची तटबंदी निकामी केली. किल्ला मोडला, परंतु त्याच्याकडे जाणारी वाट राहिली. आज चिखलदऱ्याहून किल्ल्याकडे चालत जाणारा पर्यटक उत्तरेच्या ज्या सौम्य पठारावरून चालतो, त्याच बाजूने इंग्रजी तोफा किल्ल्यासमोर आल्या होत्या.

चिखलदरा हे स्थळ १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याच्या दृष्टीस पडले, असे सर्वत्र लिहिले जाते. हे विधान तपासून घेण्याची गरज आहे. किल्ला चारशे वर्षे नांदत होता आणि भीमाने कीचकाचा वध करून त्याला दरीत टाकल्याची कथा स्थानिक लोक भीमकुंड दाखवून सांगतात. अशा ठिकाणी 'शोध' लागला असे म्हणणे म्हणजे तेथे आधीपासून चालणाऱ्या पावलांची दखल न घेणे होय.

राखीव जंगल आणि वाटेवरील हक्क

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि शास्त्रीय वनव्यवस्थापनाचे युग सुरू झाले. रेल्वेच्या शिळ्यांसाठी इमारती लाकूड हवे होते आणि मेळघाट सागवानाने समृद्ध होता. वऱ्हाड हा नावापुरता निजामाचाच मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. तथापि धोरणाची दिशा एकच होती. जंगलाच्या सीमा आखणे, फिरती शेती थांबवणे, चराई मर्यादित करणे आणि उत्पादनावर सरकारी नियंत्रण आणणे ही त्याची प्रमुख सूत्रे होत.

या व्यवस्थेने वाटांचे नवे जाळे विणले. जंगलाचे कक्ष पाडले गेले आणि कक्षांच्या सीमांवर रेषा आखल्या गेल्या. वणवा पसरू नये म्हणून गवत व पालापाचोळा काढून जाळरेषा ठेवल्या गेल्या. तपासणीसाठी घोडवाटा, लाकूड वाहण्यासाठी गाडवाटा आणि अधिकाऱ्यांच्या मुक्कामासाठी विश्रामगृहे तयार झाली. या कामांसाठी मजूर लागत असल्याने जंगलातच वनग्रामे वसवण्यात आली. रहिवाशांना कसण्यास जमीन मिळे आणि त्या बदल्यात वनविभागाच्या कामावर मजुरी करणे अपेक्षित असे. म्हणजेच ज्या कोरकूंच्या पायवाटा पूर्वीपासून होत्या, त्यांच्याच हातांनी सरकारी वाटा तयार झाल्या. आज सोप्या व रुंद म्हणून पसंत केल्या जाणाऱ्या अनेक जंगलवाटांचे मूळ या जाळरेषांत व गाडवाटांत सापडते.

त्याचबरोबर वाटेचा कायदेशीर दर्जा बदलला. या दृष्टीने १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील काही कलमे लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहेत. राखीव जंगल घोषित होताना मुदतीत न मांडलेले हक्क कलम ९ अन्वये, काही अपवाद वगळता, संपुष्टात येतात. कलम ११ मध्ये जमिनीवरील हक्कांच्या दाव्यांची कार्यपद्धती सांगितली असून त्यातून जाण्यायेण्याचा हक्क, चराई, वनोपज व पाण्याचा प्रवाह या बाबी वगळल्या आहेत. कलम १२ चराई व वनोपज यांच्याविषयी आहे. चराईत किती गुरे, कोणत्या हंगामात, याची नोंद कशी करावी हे कायदा तपशिलाने सांगतो. जाण्यायेण्याच्या हक्काची अशी तपशीलवार नोंद मात्र तेथे सांगितलेली नाही. कलम २५ नुसार शासनाच्या पूर्वमान्यतेने वन अधिकारी राखीव जंगलातील कोणतीही सार्वजनिक वा खासगी वाट बंद करू शकतो. अट एवढीच की, शासनास वाजवी सोयीची वाटेल अशी पर्यायी वाट असावी किंवा करून द्यावी. कलम २६ राखीव जंगलातील अनधिकृत प्रवेश हा गुन्हा ठरवते.

येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा फरक आहे. पर्यायी वाट सोयीची आहे की नाही हे शासनाने ठरवायचे आहे. तिच्यावरून रोज चालणाऱ्याने नव्हे. लिखित पुरावा नसलेल्या समाजाच्या दृष्टीने याचा अर्थ असा होतो की, जी वाट कागदावर नाही ती कायद्यापुढे नाही. आजोबांच्या काळापासूनची वाट चालणारा माणूस अशा रीतीने स्वतःच्या गावाजवळ अनधिकृत ठरू शकतो.

व्याघ्र प्रकल्पाचा काळ

स्वातंत्र्यानंतर वनविषयक कायद्याची चौकट मुख्यत्वे तीच राहिली. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने तिला नवे परिमाण दिले. देशात १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि १९७४ मध्ये मेळघाटचा पहिल्या नऊ प्रकल्पांत समावेश झाला. या कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेश मर्यादित व्यक्तींनाच आहे. त्यांत कर्तव्यावरील शासकीय सेवक, वास्तव्याची परवानगी मिळालेले, आतील स्थावर मालमत्तेवर हक्क असलेले आणि सार्वजनिक महामार्गावरून जाणारे यांचा समावेश होतो. कलम २८ अन्वये अभ्यास, छायाचित्रण, संशोधन व पर्यटन यांसाठी परवाना देता येतो. पायवाटेचा स्वतंत्र उल्लेख या यादीत नाही.

वाघांचे संरक्षण ही राष्ट्रीय गरज होती व आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मेळघाटचे जंगल टिकले नसते तर त्यातून उगम पावणाऱ्या नद्यांवरील जीवनही धोक्यात आले असते. १९९७ मध्ये नंदुरबार परिसरात शतकाहून अधिक काळाने पुन्हा आढळलेला रानपिंगळा नंतर मेळघाटातही दिसून आला, ही गोष्ट या जंगलाच्या मोलाची साक्ष देते. तथापि संरक्षणाचा भार कोणावर पडला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. २००० नंतरच्या वर्षांत बोरी, कोहा व कुंड या गावांपासून गाभा क्षेत्रातील गावांच्या पुनर्वसनाला सुरुवात झाली. पुढे पुनर्वसनाच्या सोयींबाबत असमाधानी असलेले काही गावकरी आपल्या मूळ गावांकडे परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वन कर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला. परतणाऱ्यांना वाट कोणी दाखवावी लागली नसणार, हे उघड आहे. गाव नकाशावरून उठले तरी वाट स्मरणात राहते.

दुसरीकडे, बारमाही वाटेचा अभाव हाही मेळघाटचा जुना प्रश्न आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी येथील बालमृत्यूंकडे सर्व राज्याचे लक्ष वेधले गेले. कुपोषणाची कारणे अनेक असली तरी पावसाळ्यात नाले भरल्यावर दवाखान्याशी संपर्क तुटणे हे त्यांतील एक होते. वनजमिनीवर रस्ता करण्यास १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमानुसार केंद्राची मान्यता आवश्यक असते. पर्यटकाची वाट चुकली तर त्याचा दिवस वाया जातो. आजारी मुलाला घेऊन निघालेल्या आईची वाट अडली तर काय होते, हे येथे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

पर्यटकाची सोपी वाट

मराठी वाचकाला जंगलवाटेची गोडी लावण्यात वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या एका ग्रंथाचे नावच 'रानवाटा' असे आहे. चिखलदऱ्याचे पठार, देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड, तसेच सिपनेच्या काठी सेमाडोह व कोलकास ही ठिकाणे आज सहलींसाठी परिचित आहेत. २०१२ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम मनाई केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वांच्या अधीन राहून ती उठवण्यात आली. त्यानंतर पर्यटनातील लाभ स्थानिकांपर्यंत पोहोचवण्याच्या विचाराला चालना मिळाली.

महाविद्यालयाच्या इतिहास विभागाच्या क्षेत्रभेटीत विद्यार्थ्यांसह गाविलगडच्या वाटेवर चालताना प्रस्तुत लेखकास एक गोष्ट जाणवली. विद्यार्थी दरवाजांवरील शिल्पांची छायाचित्रे घेत होते. वाटेविषयी कोणीही प्रश्न विचारला नाही. सोबतच्या कोरकू वाटाड्याला मात्र प्रत्येक फाट्याचे नाव ठाऊक होते. त्या नावांपैकी एकही नाव आमच्या हातातील नकाशात नव्हते. हा दोष विद्यार्थ्यांचा नसून आपल्या अध्यापनाचा आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

वनहक्क कायदा आणि नवी शक्यता

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने वनवासी समाजांवर झालेला ऐतिहासिक अन्याय प्रथमच कायद्याच्या उद्देशिकेत मान्य केला. कलम ३(१) मध्ये निस्तार व इतर परंपरागत हक्कांना मान्यता असून शिकारीचा हक्क वगळला आहे. कलम ३(२) मध्ये रस्त्यांसह विविध सार्वजनिक सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने मर्यादित वनजमीन देण्याची तरतूद आहे. मेळघाट परिसरातील पायविहीर या गावास २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि गावाने जंगलाची निगा स्वतः घेतली. याचा अर्थ असा की, हक्क मान्य झाल्याने जंगल नष्टच होते, हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे.

निष्कर्ष

१) मेळघाटातील आजच्या सोप्या वाटा नैसर्गिक नसून कोरकू व अन्य समाजांचा दीर्घ वापर, लष्करी मोहिमा आणि वनविभागाची कामे यांच्या संयुक्त परिणामातून घडल्या आहेत.
२) राखीव जंगलाच्या कायद्याने वाटेला परंपरेच्या कक्षेतून काढून परवानगीच्या कक्षेत आणले.
३) त्याच जंगलात पर्यटकाला परवान्याने मिळणारा प्रवेश आणि स्थानिकाला परंपरेने असलेला प्रवेश यांत कायदेशीर विषमता आहे.
४) वाटांची स्थानिक नावे व मौखिक माहिती हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन असून ते झपाट्याने लुप्त होण्याची शक्यता आहे.

सूचना

ग्रामसभांनी सामूहिक वनहक्कांच्या दाव्यांत पारंपरिक वाटांची नोंद नकाशासह करावी. वनविभागाने पर्यटन वाटांवरील फलकांवर कोरकू स्थलनामे द्यावीत. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून वाटांचे दस्तऐवजीकरण हाती घ्यावे. या कामाला मोठ्या निधीची गरज नाही; गावातील वृद्धांसोबत चालण्याची तयारी मात्र हवी. ज्या वाटांची नोंद झाली नाही, त्या वाटांवरील हक्क पूर्वी गेले. निदान त्यांचा इतिहास तरी त्याच कारणाने जाऊ नये.